निदा फाजली : सोपं लिहिणं इतकं अवघड का असतं

एक दोहा घेऊ.

मैं रोया परदेस में, भीगा माँ का प्यार
दुख ने दुख से बात की, बिन चिट्ठी बिन तार

मराठी वाचकाला यातला एकही शब्द अडत नाही. मुलगा परमुलखात रडला आणि इकडे आईची माया भिजली. पत्र गेलं नाही, तार गेली नाही, एका दुःखाने दुसऱ्याशी परस्पर बोलून घेतलं. आता मात्रा मोजून पाहा. 'मैं रोया परदेस में' या तुकड्याच्या तेरा, 'भीगा माँ का प्यार'च्या अकरा. दुसऱ्या ओळीतही तेच, तेरा आणि अकरा. कबीर, रहीम, बिहारी यांच्या दोह्यांचं हे माप. त्यात एक मात्राही इकडची तिकडे झालेली नाही. आणि तरीही 'तार' म्हणजे टपालखात्याची तार, विसाव्या शतकातली. चारपाचशे वर्षांच्या जुन्या मापात घर सोडून शहरात आलेल्या आजच्या माणसाची गोष्ट बसली आहे, आणि कुठेही ओढूनताणून बसवल्यासारखी वाटत नाही.

हा दोहा उर्दू कवीचा आहे. निदा फाजली. जन्म १२ ऑक्टोबर १९३८, दिल्ली. मृत्यू ८ फेब्रुवारी २०१६, मुंबई. आयुष्यातली पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी मुंबईत काढली. त्यांचं नाव निघालं की "सोपं लिहायचे" हे वाक्य हमखास येतं. ते खरंच आहे. पण हा सोपेपणा त्यांना जन्मतः मिळालेला नव्हता. तो त्यांनी निवडला, त्यासाठी बरंच काही बाजूला ठेवलं आणि तो साधायला उर्दू कवितेची सगळी जुनी कारागिरी पणाला लावली. हे नीट कळायचं तर त्यांचं आयुष्य थोडं आणि गझल, नज्म या उर्दू काव्यप्रकारांची रचना थोडी, असं दोन्ही हातात घ्यावं लागतं.

त्यांचं मूळ नाव मुक्तदा हसन. घराणं मूळचं काश्मीरकडचं, पण बालपण आणि शिक्षण ग्वाल्हेरचं. वडील स्वतः उर्दूचे शायर, त्यामुळे घरात कवितेची ये-जा होतीच. उर्दूत कविता शिकण्याची एक जुनी पद्धत आहे. नवशिका शेर लिहितो, उस्तादाला दाखवतो आणि उस्ताद त्यात दुरुस्ती करतो. या दुरुस्तीला इस्लाह म्हणतात. त्यातून वृत्त पक्कं होतं, भाषा घासूनपुसून स्वच्छ होते. त्याबरोबरच एक तयार प्रतिमांचं भांडारही हाती येतं : शमा आणि परवाना (दिवा आणि त्यावर झेपावणारा पतंग), गुल आणि बुलबुल, साकी आणि मैखाना, पिंजरा आणि पारधी. या प्रतिमांचा मोठा फायदा असा की कवीला काहीच समजावून सांगावं लागत नाही. 'परवाना' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात प्रेम, जळणं, समर्पण सगळं एकदम उभं राहतं. शेकडो वर्षांच्या कवींनी ते काम आधीच करून ठेवलेलं असतं.

अडचण होते ती स्वतःचं काही सांगायची वेळ आली की. निदा सांगत, कॉलेजात असताना त्यांच्या ओळखीची एक मुलगी अपघातात गेली. तिच्या जाण्याचं दुःख मोठं होतं, पण ते मांडायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आजवर शिकलेल्या शायरीत या दुःखाला जागाच नाही. ते सगळे शब्द कुणाच्याही दुःखाला चालले असते, आणि म्हणूनच या एका दुःखाला चालत नव्हते. त्याच सुमारास एका सकाळी देवळावरून जाताना त्यांनी सूरदासाचं पद ऐकलं. कृष्ण मथुरेला निघून गेलाय आणि राधा मधुबनालाच विचारते आहे : तू अजून हिरवं कसं? विरहात उभ्या उभ्या जळून का गेलं नाहीस? शब्द अगदी गावातले, भाव थेट, आणि तरी ऐकणारा हलून जातो. निदा यांना आपली वाट इथे दिसली. त्यानंतर सूरदास, कबीर, तुलसीदास, बाबा फरीद त्यांनी वाचून काढले.

एका उर्दू घरातल्या तरुणाला आपल्या भाषेत लिहिण्याचं बळ ब्रजभाषेतल्या वैष्णव कवीकडून मिळालं, याचं आश्चर्य आज वाटत असेल तर ते आपल्या काळामुळे. सूरदासाची ब्रज, कबीराची मिश्र बोली आणि उर्दू ही एकाच मुलखात, एकमेकींना ऐकत वाढलेली कुळं. निदा यांनी त्यांच्यातलं फक्त येणंजाणं पुन्हा सुरू केलं.

मग घर तुटलं. आईवडील, भावंडं पाकिस्तानात कराचीला गेली. निदा गेले नाहीत. हा निर्णय त्यांच्या कवितेच्या मुळाशी आहे. त्यांच्या कवितेत घर पुन्हा पुन्हा येतं : भिंती, अंगण, दार, चूल, खाट. ज्याचं घर आहे तिथेच आहे त्याला ते एवढं आठवावं लागत नाही. त्यांच्या आत्मकथनाच्या दोन भागांची नावंसुद्धा 'दीवारों के बीच' आणि 'दीवारों के बाहर' अशी आहेत.

१९६४ मध्ये ते कामाच्या शोधात मुंबईत आले. ओळख नाही, पैसा नाही. धर्मवीर भारती संपादक असलेलं 'धर्मयुग' आणि 'ब्लिट्झ' यांसाठी लिहून पोट भरू लागले. यातली एक गोष्ट महत्त्वाची : 'धर्मयुग' हे हिंदी साप्ताहिक, घराघरांत जाणारं. उर्दू कवीचं लिखाण तिथे देवनागरीत छापून येत होतं. उर्दू लिपी न येणारा मोठा वाचकवर्ग निदा यांना सुरुवातीपासून मिळाला, आणि तो शेवटपर्यंत टिकला. पुढे बीबीसी हिंदीसाठीही त्यांनी स्तंभ लिहिला.

त्या वेळची मुंबई उर्दू कवींनी भरलेली होती. अली सरदार जाफरी, कैफी आझमी, साहिर लुधियानवी, मजरूह सुलतानपुरी, जाँ निसार अख्तर, सगळे इथेच. यातले बहुतेक पुरोगामी लेखक चळवळीतून आलेले. १९३६ मध्ये लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली तिचं पहिलं अधिवेशन झालं होतं, आणि पुढची दोन-अडीच दशकं उर्दू कवितेवर तिचाच पगडा होता. साहित्याने शोषणाविरुद्ध उभं राहावं, मजूर-किसानाची बाजू घ्यावी, आवाज समूहाचा असावा, अशी तिची धारणा. निदा लिहू लागले तोवर त्या आवाजाचा कंटाळा आलेली पिढी तयार झाली होती. अलाहाबादहून शम्सुर्रहमान फारुकी यांनी १९६६ मध्ये 'शबखून' मासिक सुरू केलं आणि नव्या कवितेला, जिला उर्दूत जदीदियत म्हणतात, तिथे हक्काची जागा मिळाली. या कवितेला घोषणा नको होती. एकटा माणूस, त्याची भीती, त्याचं तुटलेपण हा तिचा विषय. पण ती हळूहळू इतकी आत वळली की तिची प्रतीकं सामान्य वाचकाला उलगडेनाशी झाली.

निदा पिढीने जदीद. एकटेपण, शहर, हरवलेपण हे विषय त्यांचेही. पण दुर्बोध होणं त्यांना मान्य नव्हतं, आणि पुरोगाम्यांचं भाषण ठोकणंही. 'मुलाकातें' या पुस्तकात त्यांनी साहिर, सरदार जाफरी, कैफी यांच्यावर टीका करणारे लेख लिहिले. मुंबईत नव्याने पाय रोवणाऱ्या तरुणाने हे करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणंच होतं. परिणामी काही मुशायऱ्यांत त्यांच्यावर बहिष्कार पडला. मला ही घटना फार बोलकी वाटते. कारण गोड, मनमिळाऊ, सगळ्यांना आवडणारा कवी ही त्यांची नंतरची प्रतिमा. सुरुवातीचे निदा चांगलेच धारदार होते, आणि त्यांच्या सोपेपणामागे ती धार आहे.

आता थोडं रचनेकडे वळू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'मुळे मराठी वाचकाला गझलेची ओळख आहेच, म्हणून थोडक्यात सांगतो. निदा यांच्या एका प्रसिद्ध गझलेचा पहिला शेर असा :

कभी किसी को मुकम्मल जहाँ नहीं मिलता
कहीं ज़मीन कहीं आसमाँ नहीं मिलता

म्हणजे, पुरं जग कधी कुणालाच मिळत नाही, कुठे जमीन मिळत नाही, कुठे आकाश. ओळींच्या शेवटी जसंच्या तसं येणारं 'नहीं मिलता' हा रदीफ. त्याच्या आधी यमक जुळवणारे 'जहाँ', 'आसमाँ' हे काफिये. पहिल्या शेरात दोन्ही ओळींत हे दोन्ही येतात, पुढच्या प्रत्येक शेरात फक्त दुसऱ्या ओळीत. वृत्त लगक्रमात, म्हणजे लघु अक्षराला ल आणि गुरूला गा धरून, मांडलं तर लगालगा ललगागा लगालगा गागा. पहिली ओळ मोजायला घ्या : क-भी कि-सी हे लगालगा झालं, पुढे 'को मुकम्मल'. इथे 'को' हे अक्षर दिसायला दीर्घ, पण मोजायचं लघु. उर्दूत ही सवलत आहे, बोलताना जे अक्षर आखूड होतं ते वृत्तातही आखूड धरतात. मराठी गझलेत असं चालत नाही, दीर्घ ते दीर्घच. बोलण्याच्या लयीत लिहिणं उर्दू कवीला जमतं त्याचं एक कारण या सवलतीत आहे, आणि निदा यांनी तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

आता रदीफ काय करतो ते पाहा. 'नहीं मिलता' हे ठरल्यावर प्रत्येक शेर नकारावर येऊन थांबणार, काही ना काही मिळत नाही असंच म्हणणार. कवीने स्वतःला घातलेली ही अट आहे. ऐकणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो, फक्त तिथे कुठल्या वाटेने पोचणार हे माहीत नसतं. म्हणून मुशायऱ्यात कवी पहिली ओळ म्हणतो, पुन्हा म्हणतो, श्रोते ती उचलून धरतात, आणि दुसऱ्या ओळीतला काफिया पडला रे पडला की दाद उसळते. पहिल्या ओळीत प्रश्न किंवा दावा, दुसऱ्या ओळीत त्याची उकल किंवा कलाटणी. दोह्याचंही थोडंफार असंच असतं. निदा दोन्ही प्रकारांत रमले याचं मला नवल वाटत नाही. दोन ओळींत गोष्ट पुरी करायची सवय दोन्हीकडे लागते.

गझलेचा आणखी एक नियम : प्रत्येक शेर स्वतंत्र. पहिल्यात प्रेम, दुसऱ्यात राजकारण, तिसऱ्यात मरण असं चालतं. पण निदा यांची आईवरची गझल या सवयीला सोडून जाते. तिचा रदीफच 'जैसी माँ' आहे, म्हणजे प्रत्येक शेर आईपाशीच येणार. सगळे शेर एकाच विषयावर असतील तर तिला मुसलसल गझल म्हणतात. पहिल्या शेरात आई बेसनाच्या खमंग भाकरीवरच्या आंबट चटणीसारखी आहे, चूल, चिमटा, फुंकणी यांच्यासारखी आहे. पुढे ती बांबूच्या उघड्या खाटेवर, प्रत्येक चाहुलीकडे कान लावून पडलेली, अर्धी झोपलेली अर्धी जागी, थकलेल्या दुपारीसारखी. मग बायको, मुलगी, बहीण, शेजारीण या सगळ्यांत थोडी थोडी वाटली गेलेली, दिवसभर दोरीवरून चालणाऱ्या डोंबारणीसारखी. आणि शेवटी आपला चेहरा, कपाळ, डोळे मुलांना वाटून देऊन कुठे निघून गेली कोण जाणे, फाटक्या जुन्या अल्बममध्ये अल्लड मुलगी होऊन राहिलेली.

या शेवटच्या शेरापाशी जरा थांबायला हवं. आईवरच्या कविता भारतीय भाषांत ढिगाने आहेत आणि त्यातल्या बहुतेक आईला देवी करून मोकळ्या होतात. इथे आई देवी होत नाही. ती आई होण्याआधी एक अल्लड मुलगी होती, आणि ती मुलगी आता फक्त फोटोत उरली आहे, हे मुलाच्या फार उशिरा लक्षात येतं. 'जैसी माँ' या रदीफाने सगळ्या उपमा आईला लावल्या, आणि शेवटची उपमा आईची स्वतःचीच निघाली. हा निव्वळ भावनेचा जोर नाही, ही रचना आहे.

हिचं वृत्तही बघण्यासारखं. 'बेसन की सोंधी रोटी पर' सोळा मात्रा, 'खट्टी चटनी जैसी माँ' चौदा. एकूण तीस. फारसीतून आलेल्या बहरांपेक्षा, म्हणजे वृत्तांपेक्षा, ही चाल हिंदीच्या मात्रावृत्तांना जवळची आहे. अठराव्या शतकात मीर तकी मीर याने ती उर्दू गझलेत जोरकसपणे वापरली. निदा यांनी भाकरी-चटणी गझलेत आणली तेव्हा त्यांनी परंपरा मोडली असं म्हणतात, मला तसं वाटत नाही. त्यांनी परंपरेतलाच बाजूला पडलेला एक दरवाजा उघडला.

दोह्याचंही तेच. उर्दूत आधुनिक काळात दोहा लोकप्रिय केला तो पाकिस्तानचे जमीलुद्दीन आली यांनी. पण आलींच्या दोह्याचं माप वेगळं, सोळा-अकराचं, आणि त्यावरून बरेच वाद झाले. निदा यांनी तेरा-अकराचं मूळ माप धरलं. विषय मात्र कबीरासारखे थेट उपदेशाचे क्वचितच घेतले. त्यांच्या चांगल्या दोह्यांत एखादं दृश्य असतं, त्याचा अर्थ ऐकणाऱ्याने लावायचा.

त्यांचं सर्वांत मोठं काम कुठलं असं विचारलं तर मी वडिलांच्या मृत्यूवरच्या नज्मेचं नाव घेईन. नज्म म्हणजे एकाच विषयावरची सलग कविता. तिचे पक्क्या यमकाचे प्रकार आहेत, तसा आझाद नज्म हा मोकळा प्रकारही आहे. 'मोकळा' म्हणजे वृत्तच नाही असं मात्र नाही. त्यात वृत्ताचा एक तुकडा ठरलेला असतो आणि तो प्रत्येक वाक्यात किती वेळा यावा याची मोकळीक असते. या नज्मेचा तुकडा आहे लगागागा, जो चार वेळा घेतला की मराठीतलं वियद्गंगा वृत्त होतं. पहिलं वाक्य : तुम्हारी क़ब्र पर मैं फ़ातिहा पढ़ने नहीं आया. लगागागा चार वेळा. दुसरं : मुझे मालूम था तुम मर नहीं सकते. इथे तीनच वेळा. एक तुकडा कमी पडला आणि वाक्य अचानक थांबलं. "तुम्ही मरूच शकत नाही" असं म्हणून आवाज तिथे संपतो. मोठ्याने म्हणून बघा, कानाला ती उणीव जाणवते.

नज्मेमागची हकिकत साधी आणि भयंकर आहे. वडील पलीकडे वारले आणि मुलगा अलीकडे राहिला. अंत्यविधीला जाता आलं नाही. दोन देशांमधली सीमा, व्हिसा, यांचा एकही शब्द कवितेत नाही. मुलगा फक्त म्हणतो, मी तुमच्या कबरीवर फातेहा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, पढायला आलो नाही. तुम्ही गेल्याची बातमी ज्याने उठवली तो खोटारडा होता, ते तुम्ही नव्हताच, एखादं सुकलेलं पान वाऱ्याने हलून गळलं होतं. माझे डोळे अजून तुमच्याच दृश्यांत अडकलेले आहेत. तुमचे हात माझ्या बोटांत श्वास घेतात. लिहायला कागद-लेखणी उचलली की माझ्या खुर्चीत मला तुम्ही बसलेले दिसता. आणि मग एक ओळ येते जी मुलाच्या प्रेमाइतकीच त्याची तक्रारही सांगते : माझ्या अंगात जेवढं रक्त आहे ते तुमच्या चुका आणि तुमचे पराभव घेऊन वाहतं. माझ्या आजारांत तुम्ही, माझ्या हतबलतेत तुम्ही. शेवटी तो म्हणतो, तुमच्या कबरीवर ज्याने तुमचं नाव लिहिलं तो खोटा आहे. तिथे मी पुरलेला आहे, तुम्ही माझ्यात जिवंत आहात. कधी सवड झाली तर फातेहा पढायला या.

कोण मेलं आणि कोण जगलं याची अशी अदलाबदल करणं हा काही चमत्कृतीचा खेळ नाही. ज्याला बापाला माती देता आली नाही, त्याच्यासाठी ते मरण पूर्णच होत नाही. फाळणीवर उर्दूत पुष्कळ लिहिलं गेलं, रक्त आणि आगगाड्यांसह. इथे त्यातलं काही न दाखवता फाळणी एका घराचं काय करते ते दिसतं. म्हणून ही कविता मला इतकी मोठी वाटते.

सिनेमाकडे ते उशिरा आणि थोड्या योगायोगाने आले. कमाल अमरोही 'रझिया सुलतान' करत होते. गाणी जाँ निसार अख्तर लिहीत होते, १९७६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि काम अर्धवट राहिलं. अख्तरही ग्वाल्हेरचे, त्यांनी अमरोहींजवळ निदा यांचं नाव आधी काढलेलं होतं. उरलेली गाणी निदा यांच्याकडे आली. खय्याम यांनी चाल दिलेलं आणि कब्बन मिर्झा यांनी गायलेलं 'तेरा हिज्र मेरा नसीब है' हे त्यातलंच. चित्रपट यायला १९८३ उजाडलं. तोवर १९८० च्या 'आप तो ऐसे न थे'मधलं 'तू इस तरह से मेरी जिंदगी में शामिल है' लोकांच्या ओठावर बसलं होतं, आणि १९८१ च्या 'आहिस्ता आहिस्ता'त वर उलगडलेली 'मुकम्मल जहाँ'ची गझल आली होती. पुढे 'इस रात की सुबह नहीं', 'सूर' असे मोजके चित्रपट. १९९९ च्या 'सरफरोश'मधली 'होशवालों को खबर क्या' जगजीत सिंग यांच्या आवाजात सगळीकडे पोचली. पडद्यावर ती गझल गाणारं पात्र फाळणीत भारतातून पाकिस्तानात जावं लागलेल्या गायकाचं आहे. ज्याचं सगळं घर तिकडे गेलं आणि जो स्वतः इथे राहिला त्या कवीचे शब्द त्या पात्राच्या तोंडी आहेत, हे माहीत असलं की ते दृश्य वेगळंच दिसतं.

जगजीत सिंग यांच्याशी त्यांची जोडी चांगलीच जमली. १९९४ च्या 'इनसाइट' या अल्बममध्ये निदा यांचे दोहे आणि गझला आहेत. संथ चाल, कमी वाद्यं, शब्द स्पष्ट, असं गाणं या कवितेला मानवतं. सिनेमाच्या गाण्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ती चांगली आहेत, काही फार चांगली आहेत, पण निदा म्हणजे तीच गाणी असं समजणाऱ्याला त्यांच्यातला अर्धा कवी भेटतच नाही. गाण्यात लागतो तो गोडवा त्यांच्याकडे भरपूर होता. वडिलांवरच्या नज्मेतली तक्रार मात्र गाण्यात मावत नाही.

'लफ्जों का पुल', 'मोर नाच', 'आँख और ख्वाब के दरमियान' असे संग्रह येत गेले. 'खोया हुआ सा कुछ' या संग्रहाला १९९८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये पद्मश्री.

धर्म आणि माणूस हा विषय त्यांनी कधी टाळला नाही, आणि त्याची किंमतही मोजली. मशीद घरापासून फार लांब आहे, तर असं करू, एखाद्या रडणाऱ्या मुलाला हसवू, या अर्थाचा त्यांचा शेर अनेकांना पाठ असतो. पाकिस्तानातल्या एका मुशायऱ्यानंतर काही जणांनी त्यांना अडवलं, मूल मशिदीहून मोठं समजता का, असा जाब विचारला. निदा यांचं उत्तर असं होतं की मशीद माणसाच्या हातांनी बांधली जाते, मूल अल्लाह स्वतः घडवतो. हा किस्सा ते स्वतः सांगत. इकडे १९९२ च्या मुंबईतल्या दंगलीत त्यांना सुरक्षिततेसाठी मित्राच्या घरी आसरा घ्यावा लागला. ज्या देशात राहायचं म्हणून घरच्यांना सोडलं, तिथल्याच शहरात, जिथे पाव शतकाहून अधिक काळ काढला, स्वतःच्या घरी राहणं धोक्याचं व्हावं, याहून कडू अनुभव कवीला दुसरा कुठला असणार? तरीही त्यांचा सूर कडवट झाला नाही. दोन्हीकडच्या धर्मवेड्यांना ते सारख्याच शब्दांत बोलत राहिले.

त्यांच्यावरचा आक्षेपही सांगायला हवा. उर्दू समीक्षेत एक मत असं आहे की निदा फार लवकर समजतात, आणि जी कविता पहिल्या ऐकण्यात संपते ती टिकत नाही. हे सरसकट खरं नाही, पण अगदी निराधारही नाही. त्यांच्या नंतरच्या काही दोह्यांत आणि शेरांत दृश्य नाहीसं होतं, उरतं ते सुभाषित. मुशायऱ्यात टाळ्या अशाच ओळींना पडतात, आणि वर्षानुवर्षं मंचावर राहिलेल्या कवीला त्या टाळ्यांचा ओढा टाळणं कठीण जातं. मोबाईलवर सकाळी सकाळी फिरणारे निदा बहुतेक या जातीचे. आईची खाट, बापाची खुर्ची जिथे आहे ते निदा वेगळे.

नव्याने वाचू इच्छिणाऱ्याला लिपीची अडचण नाही. त्यांची बहुतेक कविता देवनागरीत मिळते आणि अवघड शब्दांचे अर्थ बहुधा त्याच पानावर तळाशी दिलेले असतात. गझलांपासून सुरुवात न करता नज्मांपासून करावी असं मी सुचवेन, कारण चालीत अडकलेले शब्द डोळ्यांनी वाचताना आधीचं गाणं मध्ये येतं, नज्मांचं तसं होत नाही. त्यानंतर दोहे, एका बैठकीत पाच-सहाच, मात्रा बोटांवर मोजत. मग गझला. आणि कविता आवडू लागली की 'दीवारों के बीच' घ्यावं. ग्वाल्हेरचं ते घर, तिथली माणसं आणि एकेक करून त्यांचं निघून जाणं त्यात आहे. ते वाचून पुन्हा कवितांकडे वळलं की कुठली खाट, कुठलं अंगण, कुठली भिंत कुठून आली याचा पत्ता लागत जातो.